तोंडाचे आरोग्य : जगाने मान्य केलेला हक्क, वस्तीने मागायचा हक्क

दाढ दुखायला लागली की आपल्या वस्तीत ठरलेला क्रम असतो. पहिल्या दिवशी लवंग. दुसऱ्या दिवशी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून दुखण्याची गोळी. गाल सुजला की मग दवाखाना आठवतो आणि तिथे कळते की आता दाढ काढण्यावाचून इलाज नाही. दाढ काढली, दुखणे थांबले, विषय संपला. चाळिशीत निम्म्या दाढा गेलेल्या असतात. पन्नाशीत भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. याला आपण ‘वय झाले’ असे म्हणतो.

हे वय नव्हे. हा टाळता येणारा आजार आहे. आणि तो फक्त आपल्या घरातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये तोंडाच्या आरोग्याचा जगभरचा अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की जगात सुमारे ३५० कोटी लोकांना दात, हिरड्या किंवा तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. त्यातले दर चारपैकी तिघे आपल्यासारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. मोठ्यांच्या किडलेल्या दातांचे रुग्ण सुमारे २०० कोटी आहेत. ज्यांचे दुधाचे दात किडले आहेत अशी मुले ५१ कोटींहून जास्त आहेत. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग असे मोठे आजार एकत्र मोजले तरी त्यांचे रुग्ण एवढे होत नाहीत.

एवढा मोठा आजार, आणि तरी तो आरोग्याच्या यादीत कायम शेवटी. ताप आला तर सरकारी दवाखाना आहे, बाळंतपणाला सरकारी दवाखाना आहे, दाताला मात्र खिशातले पैसे. असे का होते, जगातल्या देशांनी त्यावर काय ठरवले आहे आणि ते आपल्या वस्तीपर्यंत कसे आणायचे, हे आज आपण समजून घेऊ.

जगात काय ठरले?

मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने तोंडाच्या आरोग्यावर एक ठराव मंजूर केला. ही सभा म्हणजे जगातल्या जवळजवळ सर्व देशांचे आरोग्य प्रतिनिधी दरवर्षी एकत्र बसतात ती बैठक. भारतही तिचा सभासद आहे. हा ठराव पुढे आणण्यात पुढाकार कोणाचा होता? अमेरिकेचा नाही, इंग्लंडचा नाही. तो होता आपल्या शेजारच्या श्रीलंकेचा. दातांचा आजार हा श्रीमंतांच्या सौंदर्याचा प्रश्न नाही, तो गरिबांच्या जगण्याचा प्रश्न आहे, म्हणून तो सार्वजनिक आरोग्याच्या कामात घ्या, ही या मागणीची दिशा होती.

त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक धोरण मंजूर झाले. २०२३ मध्ये २०३० पर्यंतचा कृती आराखडा आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकॉकला तोंडाच्या आरोग्यावरची पहिली जागतिक बैठक झाली. तोंडाच्या आरोग्याशिवाय आरोग्य नाही, असे तिथल्या जाहीरनाम्यात देशांनी म्हटले.

आराखड्यात दोन मुख्य उद्दिष्टे आहेत. ती पाठ करून ठेवावीत अशी आहेत.

एक, २०३० पर्यंत जगातल्या ८० टक्के लोकांना तोंडाच्या आवश्यक आरोग्यसेवेचा हक्क मिळावा.

दोन, २०३० पर्यंत तोंडाच्या मुख्य आजारांचे प्रमाण आजच्यापेक्षा १० टक्क्यांनी कमी व्हावे.

पहिल्या उद्दिष्टात ‘हक्क’ आहे, ‘मदत’ नाही. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मागता येतो आणि मिळाला नाही तर का मिळाला नाही असे विचारता येते. हा फरक आपल्या समाजाला समजावून सांगायची गरज नाही.

असेच दुसरे उदाहरण नोमा या आजाराचे. कुपोषित लहान मुलांच्या हिरडीत जंतुसंसर्ग सुरू होतो आणि काही दिवसांत गाल, ओठ सडून चेहऱ्याला भोक पडते. हा आजार मुख्यतः आफ्रिकेतल्या अतिगरीब मुलांना होतो. सुरुवातीलाच औषध आणि पोषण मिळाले तर तो बरा होतो. वर्षानुवर्षे त्याकडे कोणी पाहिले नाही. नायजेरियाने इतर देशांना सोबत घेऊन मागणी लावून धरली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये नोमाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या अधिकृत यादीत झाला. ज्याचे दुखते त्यानेच पुढे व्हावे लागते, हे देशांच्या बाबतीतही खरे आहे.

दोष सवयीचा की धोरणाचा?

“तुम्ही लोक दात घासत नाही, म्हणून किडतात.” असे बोल आपल्या बायकांनी दवाखान्यांत पुष्कळ ऐकले आहेत. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी दात किडतो कसा ते पाहू.

आपल्या तोंडात जंतू नेहमीच असतात. आपण गोड खाल्ले की ते जंतूही साखर खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण थरातले क्षार विरघळवते. लाळ हळूहळू ही झीज भरून काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून दोन-तीन वेळा गोड खाल्ले तर लाळेला वेळ मिळतो. सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत पाच रुपयांचे चॉकलेट, दुपारी पुन्हा चहा, संध्याकाळी कोल्ड्रिंक, झोपताना बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली, असे चालले तर वेळच मिळत नाही. म्हणजे गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे आहे.

आता विचारा, पाच रुपयांची गोड पुडी वस्तीच्या प्रत्येक टपरीवर आहे आणि फळ मात्र नाही, हे कोणी ठरवले? कोल्ड्रिंकची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात कोण दाखवते? फ्लोराइडची पेस्ट महाग का? हे प्रश्न एकट्या आईच्या हातातले नाहीत. ते कर, जाहिरात आणि बाजाराच्या नियमांचे आहेत. त्यालाच धोरण म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी. मोठ्या माणसाला ती साधारण ५० ग्रॅम होते, म्हणजे सुमारे १२ चमचे. ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगले. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते.

काही देशांनी नुसता सल्ला न देता कर लावला. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ब्रिटनने २०१८ मध्ये, पेयात साखर जितकी जास्त तितका कर जास्त, अशी पद्धत आणली. कर वाचवण्यासाठी कंपन्यांनीच पेयांतली साखर कमी केली. नंतर इंग्लंडमध्ये अभ्यास झाला. किडीमुळे रुग्णालयात नेऊन मुलांचे दात काढण्याचे प्रमाण, कर नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसले. मुलांना कोणी रागावले नाही, आयांना कोणी बोल लावले नाही. नियम बदलला आणि दात वाचले.

आपल्याकडेही कराचा हिशोब पाहा. टूथपेस्ट आणि ब्रशवर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आणि साखरेच्या गॅसवाल्या पेयांवर ४० टक्के. दिशा योग्य आहे. पण कर कमी झाल्याचा फायदा दुकानातल्या किमतीत दिसतो का, हे आपण पुडा हातात घेऊन पाहायला हवे.

इतरांनी कसे केले?

“आपल्याकडे डॉक्टर नाहीत, पैसे नाहीत,” असे उत्तर आपल्याला मिळते. ज्या देशांकडेही फार काही नव्हते त्यांनी काय केले ते पाहू.

न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळेच्या दंत-परिचारिका तयार करायला सुरुवात केली. तरुण मुलींना दोन वर्षे शिक्षण देऊन शाळेतच मुलांची कीड भरणे, दात काढणे, स्वच्छता शिकवणे ही कामे दिली. दंतवैद्य कमी आहेत म्हणून मुलांनी दुखणे सोसायचे नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढे ही पद्धत मलेशिया, श्रीलंका अशा अनेक देशांनी घेतली. आम्ही परिचारिका असल्यामुळे हे उदाहरण आम्हाला विशेष जवळचे वाटते. योग्य शिक्षण मिळाले तर मोठ्या पदवीशिवायही माणूस पुष्कळ दुखणे कमी करू शकतो.

फिलिपिन्समध्ये २००६ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा वर्षांच्या १०० मुलांपैकी ९७ मुलांचे दात किडलेले आढळले. एवढ्या मुलांना दंतवैद्याच्या खुर्चीत बसवणे शक्यच नव्हते. मग जर्मनीच्या सहकार्याने शाळांत साधा कार्यक्रम सुरू झाला. रोज साबणाने हात धुणे, रोज सगळ्या वर्गाने मिळून फ्लोराइड पेस्टने दात घासणे आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. हे काम शिक्षक करून घेतात. प्रत्येक मुलाचा ब्रश नाव घालून वर्गात टांगलेला असतो. साहित्याचा खर्च एका मुलामागे वर्षाला एका डॉलरहून कमी. पुढे कंबोडिया, लाओस आणि इंडोनेशियानेही हा कार्यक्रम घेतला.

ब्राझीलमध्ये १९९८ च्या पाहणीत दिसले की सुमारे तीन कोटी लोक आयुष्यात एकदाही दंतवैद्याकडे गेलेले नाहीत. त्या देशाच्या १९८८ च्या संविधानाने आरोग्य हा नागरिकाचा हक्क आणि सरकारचे कर्तव्य मानले आहे. त्या आधारावर २००४ मध्ये ‘हसरा ब्राझील’ अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच दंतवैद्य आणि त्यांचे सहायक नेमले. रूट कॅनॉलसारख्या मोठ्या उपचारांसाठी वेगळी केंद्रे उघडली. ज्यांचे दात गेले त्यांना कवळी देण्याची सोय केली. २०२३ मध्ये हा कार्यक्रम कायद्यात घातला, म्हणजे सरकार बदलले तरी तो सहज बंद पडू नये.

तीन देश, तीन वाटा. गोष्ट एकच दिसते. दात वाचवायचे तर सेवा शाळेत आणि वस्तीच्या केंद्रात यावी लागते.

यंत्राशिवाय उपचार

दाताचा उपचार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची, वीज आणि घर्रघर्र करणारे यंत्र येते. १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे अनेक गावांत वीज नव्हती, तिथे एक पद्धत तयार झाली. मऊ झालेली कीड हाताच्या साध्या अवजाराने खरवडून काढायची आणि दाताला चिकटणारे सिमेंट भरायचे. बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शनही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही पद्धत उचलून धरली. आज ती अनेक देशांत वापरली जाते.

२०२१ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. जागतिक आरोग्य संघटना आवश्यक औषधांची एक आदर्श यादी काढते. प्रत्येक देशाने ही औषधे लोकांना परवडेल अशा दरात ठेवावीत, ही त्यामागची अपेक्षा असते. त्या यादीत दातांच्या तीन गोष्टी आल्या. फ्लोराइडची टूथपेस्ट, दात भरायचे ग्लास आयनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे द्रावण. हे द्रावण किडीवर थेंबभर लावले की कीड पुढे सरकायची थांबू शकते. सुई नाही, यंत्र नाही. किडलेला भाग काळा पडतो एवढेच. दुधाच्या दाढांना, घाबरणाऱ्या मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे फार उपयोगी आहे. दवाखान्यात गेल्यावर ‘हे तुमच्याकडे आहे का’ असे जरूर विचारा.

दातात जी ‘चांदी’ भरतात तिच्यात पारा असतो. पाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध मिनामाता करार नावाचा जागतिक करार आहे. जपानमधल्या ज्या शहरात पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन हजारो माणसे अपंग झाली आणि मेली, त्या शहराचे नाव कराराला दिले आहे. भारत २०१८ मध्ये या करारात सामील झाला. २०२२ मध्ये करारातल्या देशांनी ठरवले की १५ वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांच्या दातात अशी चांदी भरू नये. डॉक्टरांना अगदी गरजेचे वाटले तरच अपवाद. त्यामुळे मुलाच्या दाताला भरणी करताना ‘पाऱ्याशिवाय भरता येईल का’ असे विचारण्यात संकोच नको. मात्र आधी भरलेली चांदी घाबरून काढून घेऊ नका. ती नीट बसलेली असेल तर काढण्याची गरज नसते.

मशेरी, खर्रा, गुटखा आणि एक जागतिक करार

आता सर्वांत गंभीर गोष्ट. २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते. जागतिक संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हिशोब मांडला की त्या वर्षी जगभरात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २० हजार रुग्ण चघळायच्या तंबाखूमुळे आणि सुपारीमुळे झाले. त्यातले सुमारे ८३ हजार एकट्या भारतातले. म्हणजे एवढी माणसे या आजारापासून वाचू शकली असती.

नुसती सुपारीही सुरक्षित नाही. तिच्यामुळे कर्करोग होतो हे त्याच संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट झोंबते, तोंड उघडेनासे होते. विदर्भात खर्रा खाणाऱ्या विशी-पंचविशीच्या पोरांचे असेच होते.

तंबाखूविरोधी जागतिक करारावर भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये शिक्कामोर्तब केले. फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. आज १८० हून जास्त देश त्यात आहेत. जाहिरातबंदी, वेष्टनावर चित्रासह इशारा, कर वाढवणे आणि सोडणाऱ्याला मदत, ही त्यातली मुख्य कलमे. आपल्याकडे पुडीच्या ८५ टक्के भागावर जे भीतीदायक चित्र दिसते ते याच वाटेने आले. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. बंदी असूनही पुडी मिळते, तेव्हा कोणाच्या हप्त्यावर मिळते हा प्रश्न वस्तीने विचारायला हवा.

मशेरी मात्र कायद्याच्या हाती लागत नाही. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर आणि पेस्टवर भारत सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. पण मशेरी घरी तव्यावर भाजली जाते. ती दात स्वच्छ करत नाही. ती तंबाखूच आहे. लावल्यावर बरे वाटते ते नशेमुळे. मुंबईत १२१७ गरोदर महिलांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा इतर तंबाखू तोंडात धरणाऱ्या बायांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. आधीच अशक्त आईच्या बाळाला हे वजन फार मोठे आहे. आयाबहिणींनो, सासूने लावली म्हणून सुनेने लावायची, ही रीत आपल्याच हाताने थांबवता येईल. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा. तो तंबाखूच्या वेष्टनावरही छापलेला असतो.

लवकर ओळखले तर जीव वाचतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या कर्करोग केंद्राने फ्रान्समधल्या त्याच जागतिक संस्थेसोबत १९९६ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ वर्षांवरील सुमारे १ लाख ९० हजार माणसे त्यात होती. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, जिथे तपासणी झाली तिथे तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. बॅटरी, स्वच्छ हात आणि शिकलेली नजर, एवढेच साधन.

आपल्या दवाखान्यात काय मिळायला हवे?

जागतिक करार आपल्या दारात आपोआप येत नाही. तो सरकारी योजनेच्या कागदात उतरतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, तरी वस्तीत दंतवैद्य नाही. तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसे आहेत, पण साधी कीड भरायला योजना नाही. म्हणून कागदावर काय आहे ते आपल्याला माहीत हवे.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात आणि त्याखालच्या रुग्णालयांत दंत विभाग उभे करणे हा त्याचा भाग आहे.

आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या १२ सेवा द्यायच्या आहेत, त्यांत प्राथमिक मुख आरोग्यसेवा आहे.

३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची आहे. आशाताई जो फॉर्म भरतात त्यात तंबाखूचा, तोंडातल्या चट्ट्याचा आणि तोंड न उघडण्याचा प्रश्न असतो. फॉर्म भरला पण तोंड पाहिलेच नाही, असे होऊ देऊ नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी होते. त्यात दातही येतात.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे. तिथे खाजगीपेक्षा फार कमी खर्चात उपचार होतात.

महिला मंडळाने किंवा विहार समितीने आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात चार मागण्या असाव्यात. आमच्या केंद्रात दंतवैद्य कोणत्या दिवशी येतात ते फलकावर लिहा. अंगणवाडीत आणि शाळेत रोज एकत्र दात घासणे सुरू करा. तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आमच्या विहारात शिबिर लावून करा. आणि दात भरण्याचे सिमेंट व फ्लोराइडचे द्रावण दवाखान्यात ठेवा. अर्जाची पोच घ्या. महिन्यात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. आशाताईंना दोष देऊ नका. त्या आपल्यातल्याच आहेत आणि त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे.

घरात आजपासून

हक्क मागत असताना घरातले काम थांबवायचे नाही.

१. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे. पेस्टमध्ये फ्लोराइड किती पीपीएम आहे ते ट्यूबवर लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ते १००० पीपीएमपर्यंत असते. आकडा नसेल तर त्यात फ्लोराइड नाही असे समजा. महाग पेस्ट लागत नाही.

२. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. मुलाने ती गिळू नये, थुंकावी. घासताना मोठ्याने जवळ उभे राहावे.

३. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. गावातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतील तर पाणी तपासून घ्या. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्याजोगे नाही. तिथे पेस्टबद्दलही डॉक्टरांना विचारा.

४. गोड खायचे तर जेवणासोबत खा. दिवसभर चघळू नका. बाळाला बाटली तोंडात ठेवून झोपवू नका.

५. मशेरी, राख, विटेची भुकटी दातांना लावू नका. दुखऱ्या दाढेत तंबाखू धरू नका.

६. हिरड्यांतून रक्त येते म्हणून घासणे बंद करू नका. मऊ ब्रशने घासा आणि दाखवून घ्या. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांची जास्त काळजी घ्यावी. हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात.

७. गरोदरपणात दातांचा उपचार चालतो. फक्त डॉक्टरांना गरोदर असल्याचे सांगा. चौथा ते सहावा महिना सोयीचा.

८. महिन्यातून एकदा आरशासमोर बॅटरी घेऊन तोंड पाहा. दोन्ही गालांच्या आत, जिभेखाली, हिरड्या, टाळू. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, तिखट झोंबणे किंवा तोंडात तीन बोटे उभी न जाणे, यातले काहीही दिसले तर दुखत नसले तरी दाखवा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच तो फसवतो.

९. गालाची सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे चढली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. रात्र असली तरी थांबू नका. यात जीव जाऊ शकतो.

मंडळात चर्चेसाठी

पुढच्या बैठकीत हे प्रश्न घ्या आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा.

आपल्या वस्तीत सर्वांत जवळचा सरकारी दंतवैद्य कुठे आहे? जाण्या-येण्याला किती पैसे लागतात आणि किती तासांची मजुरी बुडते?

आपल्या अंगणवाडीत मुलांचे दात शेवटचे कधी तपासले?

३० वर्षांवरील किती जणांचे तोंड आजवर कोणी बॅटरीने पाहिले आहे?

वस्तीच्या शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकणारी टपरी आहे का? कायद्याने ती तिथे चालत नाही.

या चार उत्तरांची वही म्हणजे आपल्या वस्तीचा अहवाल. जागतिक सभेत श्रीलंका ठराव घेऊन गेली तशी ही वही घेऊन आपण आरोग्य केंद्रात जायचे आहे. २०३० ला फार वर्षे उरलेली नाहीत. त्या ८० टक्क्यांमध्ये आपली वस्ती असेल की बाहेर राहिलेल्या २० टक्क्यांत, हे अर्ज कोण करतो यावरही ठरणार आहे.